वंगण आणि गाळणी

तेलाला आणि मायेला संस्कृतांत एकच शब्द आहे : स्नेह. हा शब्द ज्यानें प्रथम दोन्ही अर्थांनीं वापरला असेल, त्याच्या कानांत बैलगाडीच्या आंसाची कुरकुर असली पाहिजे, असें मला नेहमीं वाटतें. दोन कठीण वस्तु एकमेकींवर घासल्या कीं झिजतात. त्यांच्यामध्यें स्नेहाचा एक पातळ थर आला कीं त्याच वस्तु वर्षानुवर्षें एकत्र नांदतात. आतां आपल्या घरांतून बैलगाडी गेली आणि तिच्या जागीं मोटारसायकल आली. पण स्नेहाची गरज कमी झाली नाहीं. फरक एवढाच कीं, आंसाला कसलेंही वंगण चालत असे. ह्या नव्या वाहनाला तें चालत नाहीं.

घरांतल्या तेलांविषयीं आपण केवढे चोखंदळ असतों! फोडणीला शेंगदाण्याचें, अभ्यंगाला तिळाचें, केसांना खोबरेल. "सर्वांत चांगलें तेल कोणतें?" असें एखाद्यानें विचारलेंच, तर घरांतली कर्ती बाई "कशासाठीं हवें?" असा उलट प्रश्न करील. पण त्याच घरांतला गृहस्थ मोटारसायकलीचें तेल आणावयास गेला कीं एक तर "भारींतलें भारी द्या" म्हणतो, नाहीं तर "स्वस्तांतलें द्या" म्हणतो. कशासाठीं, हा प्रश्न तेथें कोणालाच सुचत नाहीं.

माझा एक पुतण्या कांहीं वर्षांपूर्वीं वाईहून शिरवळच्या एका कारखान्यांत रोज मोटारसायकलीनें जात असे. नोकरी नवी, पगार बेताचा आणि खाडा झाला कीं पगार कापला जावयाचा. एकदां वाटेंतल्या एका कारागिरानें त्याच्या गाडींत चारचाकी मोटारीचें उंची तेल ओतलें व पेट्रोल वांचेल असें आश्वासनही दिलें. पुढें तीन-चार आठवड्यांनीं, संध्याकाळीं परततांना, खंबाटकीच्या चढणीवर इंजिन मोठमोठ्यानें गर्जूं लागलें. पण गाडी पुढें सरेना. मागें मालमोटारींची रांग लागलेली. त्यानें गाडी कशीबशी कडेला घेतली म्हणून निभावलें. घरीं आल्यावर तो मला म्हणाला, "काका, तेल तर चांगल्यांतलें चांगलें होतें, मग असें कां व्हावें?"

त्याचें उत्तर यंत्राच्या रचनेंत आहे. चारचाकी मोटारींत इंजिनाचें तेल इंजिनापुरतेंच असतें. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअरचे दांते आणि क्लच हे तिघेही एकाच तेलांत राहतात. दट्ट्याला हें तेल निसरडें हवें असतें. पण क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतील तेव्हांच इंजिनाची शक्ति चाकापर्यंत पोहोंचते. मोटारींच्या कांहीं तेलांत पेट्रोल वांचावें म्हणून घर्षण आणखी कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. तीं इंजिनाला मानवतात. पण क्लचच्या चकत्या त्यांनीं घसरूं लागतात. पुतण्याच्या गाडीचें नेमकें हेंच झालें होतें. चकत्या नव्या घालाव्या लागल्या आणि त्या महिन्याच्या पगाराला चांगलीच कात्री लागली.

पूर्वींच्या गाड्यांत ही अडचण नव्हती. मद्रासला १९५५ पासून तयार होऊं लागलेल्या बुलेटच्या बिडाच्या इंजिनांत इंजिन, क्लच आणि गिअरपेटी ह्यांचे कप्पे वेगळे होते. त्यामुळें एकाचें तेल दुसऱ्याला बाधत नसे. नव्या गाड्यांत चूल एक झाली, तेव्हां सर्वांना मानवेल असें अन्न शोधणें भाग पडलें. ह्यासाठींच जपानी मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९९८ मध्यें मोटारसायकलींच्या तेलांची एक कसोटी ठरविली. डब्यावर 'जासो एम्. ए.' असें लिहिलेलें असेल, तर तें तेल क्लचला मानवतें. 'एम्. बी.' असेल, तर तें क्लच तेलांत न बुडणाऱ्या स्कूटरींसारख्या वाहनांसाठीं आहे असें समजावें. डबा हातीं घेतांच हीं दोन अक्षरें पहावींत. छापील शिफारशी मागाहून वाचाव्यात.

मग आंकडे. '१० डब्ल्यू ३०' किंवा '१५ डब्ल्यू ५०' ही भाषा पाहून पुष्कळजण बिचकतात. पण पौषांत गोठणारें व वैशाखांत पाण्यासारखें होणारें खोबरेल ज्यानें पाहिलें आहे, त्याला ती समजावयास कठीण नाहीं. थंडींत घट्ट होणें आणि उष्णतेनें पातळ होणें हा सर्वच तेलांचा स्वभाव आहे. अमेरिकेंतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ मध्यें ह्या दाटपणाच्या पायऱ्या प्रथम ठरविल्या. आजच्या आंकड्यांपैकीं पहिला थंडींतलें वाहतेपण सांगतो. डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याचेंच आहे. दुसरा आंकडा शंभर अंशांवर, म्हणजे उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेंत, तेल किती दाट राहतें तें सांगतो. आपल्याकडच्या उन्हांत दाट तेलच बरें, असा समज सर्रास आढळतो. पण ज्या इंजिनाच्या फटी पातळ तेलासाठीं आंखलेल्या असतात, त्यांत दाट तेल सकाळीं वेळेवर पोहोंचत नाहीं आणि शक्तीही फुकट खातें. उत्पादकानें पुस्तिकेंत सांगितलेला आंकडा हाच खरा.

आतां तेल खनिज असावें कीं कृत्रिम? कृत्रिम तेल उष्णतेला अधिक टिकतें ह्यांत शंका नाहीं. पण तें दुपटी-तिपटीनें महागही पडतें. पुस्तिकेंत त्याचा आग्रह नसेल आणि गाडी साधी, रोजच्या येण्याजाण्याची असेल, तर साधें तेल वेळेवर बदलणें हें उंची तेल वर्षभर ठेवण्यापेक्षां कधींही श्रेयस्कर. कारण मोटारसायकलींत गिअरचे दांते तेलाला अक्षरशः चिरडत असतात. त्याचा दाटपणा टिकविणाऱ्या लांबलचक रेणूंचे तेथें तुकडे पडतात आणि तेल हळूंहळूं पातळ होतें. तें नुसतें काळें पडलें म्हणून मात्र घाबरूं नये. काजळी पोटांत घेऊन ती इंजिनावर बसूं न देणें हें तेलाचें कामच आहे. बदलण्याची वेळ रंगावरून नव्हे, तर किलोमीटरांवरून व महिन्यांवरून ठरवावी.

गाळणीची गोष्ट तेलाहून लहान, पण दुर्लक्षिली जाणारी. कांहीं लहान गाड्यांत, उदाहरणार्थ स्प्लेंडरमध्यें, कागदी गाळणी नसतेच. तेथें जाळी असते आणि फिरत्या चकतीच्या वेगानें गाळ कडेला फेंकला जातो. ज्या गाड्यांत ती असते, त्यांत घड्या घातलेला कागद धातूचा बारीक चुरा अडवितो. कागद चोंदला तर तेल अजिबात बंद पडूं नये म्हणून पुष्कळ ठिकाणीं एक स्प्रिंगची झडप ठेवलेली असते. ती उघडली कीं न गाळलेलें तेल तसेंच पुढें जातें. कोरड्या इंजिनापेक्षां गढूळ तेल बरें, एवढाच तिचा हिशेब. बनावट गाळणींत कागद कच्चा असतो, डिंक सुटतो, रबरी कडें नीट बसत नाहीं. पांच-पंचवीस रुपयांच्या बचतीसाठीं हजारोंचें इंजिन पणाला लागतें. कांहीं गाळण्यांवर बाहेरची बाजू कोणती तें छापलेलें असतें. ती उलटी बसली तर तेलाची वाटच अडते. म्हणून गाळणी बसत असतांना मालकानें शेजारीं उभें रहावें. त्यांत कारागिराचा अपमान नाहीं.

ह्या साऱ्याला विद्वत्ता लागत नाहीं. गाडीबरोबर आलेली पुस्तिका, ओळखीच्या दुकानांतून आणलेला मोहोरबंद डबा आणि घरच्या जमाखर्चाच्या वहींत तेल बदलल्याच्या तारखेची व किलोमीटरांची एक ओळ, एवढ्यावर काम भागतें. काढलेलें जुनें तेल तेवढें गटारांत किंवा परसांतल्या मातींत ओतूं नये. तें डब्यांत भरून गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन करावें. घरांतलीं मुलें पहांटे बाहेर पडतात आणि रात्रीं परततात. त्यांच्या वाटेवर घाट असतात, पाऊस असतो, मालमोटारी असतात. त्यांतलें पुष्कळसें आपल्या हातीं नसतें. गाडीच्या पोटांत योग्य तेल आहे कीं नाहीं, हें मात्र आपल्या हातीं असतें. आणि जें आपल्या हातीं आहे तें वेळेवर करणें, ह्यालाच घरांत माया म्हणतात.