पाणी मी घालतो

बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीन, म्हणजे आमचा पंप, मी चालवतो. रुग्ण पंपावर असताना युरिन बॅग भरू लागली, की आमचे सर्जन मान वर न करता म्हणत, "किडन्या खूश आहेत." ते श्रेय मी वर्षानुवर्षं गुपचूप खिशात घातलं. प्राइममधलं, म्हणजे पंपाच्या नळ्यांत आधी भरलेल्या पाण्यातलं, मॅनिटॉलच लघवी ओढून आणतं, हे ठाऊक असूनही!

मग हाताखाली शिकायला एक मुलगी आली. टेबलावर ४२ किलोच्या मधुमेही आजी, हिमोग्लोबिन साडेदहा. आमचं १३०० मिलीचं प्राइम मिसळलं आणि ते सातवर उतरलं. "सर, फ्लो २.४ आहे, प्रेशरही ६५ आहे. पण ऑक्सिजन किती पोचतोय?" तिनेच हिशेब मांडला: शरीराच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला २४० मिली. २८० च्या खाली रेंगाळलं की किडनीचा धोका वाढतो. फ्लो २.८ केला, तेव्हा कुठे काठावर आलो.

तेव्हापासून प्राइम डोक्यातून जात नाही. नळ्या आखूड केल्या, मशीन टेबलाला खेटवलं. पंप सुरू करण्याआधी रुग्णाचंच रक्त नळ्यांत ओढून आतलं पाणी काढून टाकतो; पण तेवढ्यात प्रेशर पडतं आणि भूलतज्ज्ञ डोळे वटारतात. बाहेरचं रक्त द्यावं, तर तेही किडनीला मानवत नाही. वय, मधुमेह, आधीच चढलेलं क्रिएटिनिन, थकलेलं हृदय, नुकतीच झालेली अँजिओग्राफी हे सगळं रुग्ण घेऊनच येतो. पाणी मात्र मी घालतो.

बीटिंग हार्टवाले, म्हणजे हृदय न थांबवता बायपास करणारे, म्हणतात, पंपच नको. २०१२ च्या 'कॉरोनरी' चाचणीतल्या रुग्णांत पंपाविना किडनीची सौम्य इजा कमी दिसली, हे खरं. वर्षभरानंतर मात्र किडनीच्या कामात फरक उरला नव्हता. ते त्यांच्या जाहिरातीत नसतं. हे सांगताना मला जरा जास्तच मजा येते. शेवटी पंपावर माझं पोट आहे.

४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं तरी किडनीची इजा धरतात. पण ते वाढतं आयसीयूत, तोवर मी पुढच्या केसला लागलेला असतो. हल्ली तो आकडा विचारायला वर जातो, सिस्टर वैतागतात.

घरात कुणाची बायपास ठरली असेल आणि घाई नसेल, तर हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा. कमी असेल, तर आधी ते वाढवता येईल का, हे सर्जनलाच विचारा. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या चालू असतील, तर त्या लपवू नका; त्याही किडनीला बाधतात.