पिसाचा गळ

समुद्र मी प्रथम पाहिला तो सेवानिवृत्त झाल्यावर. आमच्या धाराशिव जिल्ह्यात भरपूर पाणी पाहावे ते नळदुर्गच्या किल्ल्यात. तेथे बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. हे काम १६१३ साली पूर्ण झाले. पावसाळ्यात बांधावरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे कोसळू लागले, की आमची अर्धी मुले वर्गात असून नसल्यासारखीच!

त्याच नदीकाठच्या एका गावी मी शिक्षक होतो. एकदा सातवीतील एका मुलाच्या दप्तरात मला गळ सापडला. त्याला गांडूळ नव्हते. कोंबड्याचे पांढरे पीस दोऱ्याने घट्ट बांधले होते.

“अरे, मासा काय पिसे खातो?” मी उपहासाने विचारले.

“गुर्जी, मासा पिसाला भुलत नाही, पिसाच्या हालण्याला भुलतो.”

वर्ग हसला. मी तो गळ खिडकीबाहेर भिरकावला आणि मुलाच्या तळहातावर दोन छड्या मारल्या.

पुढे कित्येक वर्षांनी मालवणच्या धक्क्यावर पहाटे एक मुलगा दिसला. त्याच्या बारीक दोरीला ओळीने चार-पाच गळ होते. तिकडे गळाला ‘गरी’ म्हणतात. प्रत्येक गरीवर चकाकते पीस, टोकाला शिशाचा तुकडा. तो दोरी खोल सोडी, हलकासा झटका देई, क्षणभर थांबे, पुन्हा झटका देई. पाण्यात ते पीस एखाद्या माशाच्या पिलासारखे सुळकन पळे. पळते भक्ष्य हातचे जाईल, या घाईत बांगडा नीट पारख न करताच झडप घालतो; खडकाच्या कपारीत दबा धरून बसलेला गोबराही असाच फसतो. बोटभर मासे मात्र मुलगा अलगद सोडवून परत पाण्यात टाकी. (२०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांचे किमान आकार ठरवून दिले. या पोराला तो नियम कोणी सांगितला होता, देव जाणे!)

मी दोरी मागून घेतली. पाऊण तास गेला, तरी काही लागेना.

“आजोबा, ओढू नका, नाचवा!” तो म्हणाला.

मी मनगट सैल केले. थोड्याच वेळात बोटाला टकटक जाणवली. दाराशी कोणी हलकेच यावे तशी. रुपेरी बांगडा धक्क्यावर उड्या मारू लागला.

“तुमच्या गावात कोणी गरवत नाही का?” मुलाने विचारले.

“एक मुलगा गरवत असे,” मी म्हणालो. “त्याची गरी मीच फेकून दिली.”