लंडनचा चान्सलर, पुण्याचा शास्त्री

समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब पूर्वी आमच्या अंबड तालुक्यातच मोडत असे. त्यामुळे त्यांचे ‘आनंदवनभुवनी’ हे काव्य बालपणापासून कानी पडलेल्या अंबडकर वाचकाला सर थॉमस मोरच्या 1516 सालच्या ‘युटोपिया’तील आदर्श राज्य फारसे परके वाटत नाही. परके वाटते ते त्या ग्रंथकर्त्याचे पुढील चरित्र. धर्मभिन्नतेपायी कोणासही दंड होऊ नये अशी व्यवस्था ज्याने कल्पनेत उभारली, तोच 1529 मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा लॉर्ड चान्सलर झाला आणि त्याच्या अडीच वर्षांच्या अमदानीत सहा पाखंडी जिवंत जाळले गेले; आणि पुढे राजा स्वतःस धर्मसंस्थेचा मस्तक म्हणवू लागला तेव्हा त्या दाव्यास अनुकूल शपथ घेण्यास नकार देऊन त्याच मोरने 6 जुलै 1535 रोजी शांतपणे वधस्तंभावर मान ठेवली.

या मनुष्यावरील ग्रंथ त्याला निरनिराळ्या कचेऱ्यांत उभे करतात. जावई विल्यम रोपर याने लिहिलेले छोटे चरित्र घरातील माणसाच्या भक्तीने ओथंबलेले आहे. आणि हा रोपर ऐन तारुण्यात स्वतःच ल्यूथरच्या मतांकडे ओढला गेला होता हे ध्यानी घेतले, म्हणजे त्या भक्तीचे मोल वाढते. रॉबर्ट बोल्टच्या 1960 सालच्या नाटकात मोर हा आपल्या मौनालाच कायद्याची ढाल करणारा विवेकी पुरुष आहे. हिलरी मँटेलच्या ‘वुल्फ हॉल’ या कादंबरीत मात्र तो कठोर, आत्मक्लेशी आणि निर्दय दिसतो. माझ्या मते या ग्रंथांपैकी एकही दुसऱ्यास खोटा ठरवीत नाही. ज्या निष्ठेने त्याने परक्यांची चिता मान्य केली, तीच त्याला स्वतःच्या मृत्यूपर्यंत घेऊन गेली, आणि हे दुःसह सत्य एकाच पुस्तकात मावणे कठीणच.

आपल्याकडे अशा पुरुषाचा विचार मनात आला की पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आठवतात. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर, त्याबद्दल त्यांचे काका राघोबादादांना देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असा निर्णय देऊन ते पद सोडून निघून गेले, ही कथा मराठी मनाने जपली आहे. मोर बोलला नाही म्हणून मेला, शास्त्री बोलले आणि जगले. बारभाईंच्या कारभारात ते न्यायासनावर परतलेही. खाडिलकरांच्या 1909 सालच्या ‘भाऊबंदकी’ने आणि प्रभातच्या 1944 सालच्या चित्रपटाने ही करारी मूर्ती घरोघरी पोहोचविली, आणि टिळक मंडालेच्या कारावासात असताना सत्ताधीशास अपराधी म्हणणारा न्यायाधीश रंगभूमीवर उभा राहणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

परंतु त्या एका निर्णयात शास्त्रीबोवांचे सारे आयुष्य आपण गोठवून टाकले आहे. मोरला रोपरनंतर मँटेल मिळाली. शास्त्र्यांना अजून खाडिलकरच पुरतात, ही मला आपल्या वाङ्मयातील खरी उणीव वाटते. पेशवाईच्या ज्या न्यायव्यवस्थेत अपराध्याच्या जातीप्रमाणे दंड बदलत असे, त्याच व्यवस्थेच्या शिरोभागी हा निःस्पृह पुरुष वर्षानुवर्षे बसला होता. त्याच्या निःस्पृहतेस बाध न आणता त्या दंडांविषयीही त्याला प्रश्न विचारील असा ग्रंथ मराठीत व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.