नव्याचा दोष

लोणावळ्यात जुलै महिना म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी. अशाच एका ओल्या दुपारी मी कॉम्प्युटरचं पोट उघडून बसलो होतो. यंत्र जुनं, असेंबल केलेलं. हल्ली एक फाईल उघडायची तर तेवढ्यात चहा होऊन यायचा. चिंचवडचा पुतण्या म्हणाला, "काका, अजून ४ जीबी रॅम टाका, पळेल." कुरिअरने रॅम आली. २००३ साली आम्ही शिक्षकांनी एमएस-सीआयटी केलं होतं खरं, पण त्यात डबा उघडायला कुणी शिकवलं नव्हतं. तरी प्लग काढला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या लोखंडाला हात लावला, जुनी रॅम काढून पाहिली, पुन्हा बसवली आणि शेजारच्या खाचेत नवी दाबली.

बटण दाबलं. पंखा फिरला, बीप बीप झालं आणि पडदा काळाच.

हे बीप म्हणजे काय ते सांगतो. चालू होताना यंत्र आधी सगळ्यांची हजेरी घेतं. मेमरी "हजर" म्हणाली नाही, तर पडद्यावर काही दाखवण्याआधीच ते शिट्टी मारून तक्रार करतं. मला वाटलं, सोपं आहे, नवी काढली की झालं. नवी काढली. तरी तेच! आता मात्र पोटात गोळा आला. नवीने जुनीलाही बिघडवलं, अशी माझी खात्रीच झाली. बोर्डावरचा गोल सेल काढून पुन्हा बसवून झाला, तरी ढिम्म. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने तर फोनवरच निकाल दिला, "सर, मदरबोर्ड गेला. भंगारात टाका."

यंत्राचं एवढं काही नव्हतं हो. पण आत माझी शब्दांची फाईल होती. निवृत्तीनंतर मावळातल्या गावोगाव फिरून भातशेतीतले शब्द गोळा केले होते, राब, दाढ, आवण, इरलं आणि असे कितीतरी. ज्या आज्यांनी ते सांगितले त्यातल्या बहुतेक आता नाहीत. पेन ड्राइव्हवरची शेवटची प्रत दोन वर्षांपूर्वीची. रॅम बिघडली तरी हार्ड डिस्कवरचं लिखाण जात नाही, हे मला नंतर पटलं. त्या रात्री झोप काही लागली नाही.

सकाळी पुतण्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, फक्त नवी लावून पाहिलीत का?"

नव्हती पाहिली. दोन्ही एकदम लावल्या होत्या, जुनी एकटी लावली होती. नवीला एकटीला संधीच दिली नव्हती. लावली. एक बीप, आणि पडदा उजळला! म्हणजे नवी निर्दोष. बिघाड जुनीत होता. तिच्या सोनेरी दातांवर लोणावळ्याच्या ओलीने काळसर थर चढला होता. जागच्या जागी होती तोवर कशीबशी चालत होती. मी हलवली आणि संपर्क तुटला.

फोन ठेवला आणि उगाचच एक मुलगा आठवला. पवना धरणात गाव गेल्यामुळे त्याचं कुटुंब आमच्या शाळेच्या गावात आलं होतं. सातवीत आला आणि आठवड्याच्या आत वर्गातली एक कंपासपेटी हरवली. सगळी मुलं त्याच्याकडे पाहू लागली. मीही पाहिलं. सर्वांसमोर त्याचं दप्तर पालथं केलं. दुसऱ्या दिवशी पेटी सापडली ती माझ्या एका लाडक्या, पहिलीपासूनच्या विद्यार्थ्याकडे. त्याला मी खोलीत बोलावून समजावलं. नव्या मुलाला मात्र वर्गासमोर काही बोललो नाही. उद्या बोलू, उद्या बोलू करत राहिलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही, बिऱ्हाड आणखी कुठे हललं म्हणे. नाव आठवतं. इथे लिहीत नाही.

असो. पुतण्याने जुन्या रॅमवरचा इलाज सांगितला तो ऐकून हसूच आलं. खोडरबर! नातवाच्या कंपासातला पांढरा खोडरबर घेतला, दोन्ही बाजूंचे दात हलक्या हाताने घासले, चुरा कोरड्या फडक्याने पुसला. मग आधी जुनी एकटी लावून पाहिली, चालली, मग दोन्ही. ८ जीबी दिसले.

मग इंटरनेट रुसलं. प्रत्येक साइट म्हणे प्रमाणपत्र चुकीचं. सेल काढल्यामुळे यंत्राच्या घड्याळात १ जानेवारी २०१२ उजाडला होता! तारीख दुरुस्त केल्यावर तेही मिटलं.

शब्दांची फाईल आता दोन पेन ड्राइव्हवर आहे, एक चिंचवडला. खोडरबर परत ठेवायला गेलो तर सौ. म्हणाल्या, "तो काळा झालेला पोराच्या कंपासात टाकू नका, नवा आणून द्या." पाऊस थांबला की आणतो.