नकाराचे दोन रकाने

संस्थेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी या नात्याने काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा सोबत मागील स्मरणिकेची एक प्रतही होती. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांचे, परिचारिकांचे, बँकेतील अधिकाऱ्यांचे लेख तीत आहेत. ते वाचून ऊर भरून येतो. परंतु ते सारे लेख पोहोचलेल्यांचे आहेत. निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले, अशांपैकी कोणाचा लेख त्यात नाही. आपल्या मुलामुलींपैकी बरेच जण आज त्या दारापाशी उभे आहेत, हे मी जाणतो. म्हणून त्या बाजूने लिहितो.

मी पेण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. २०१८ ते २०२३ या काळात परदेशी शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून जाण्यासाठी तीन वेळा मुलाखत दिली आणि तिन्ही वेळा नकार मिळाला. न आलेल्या उत्तरांचा हिशेब वेगळाच.

परदेशी जाण्याचे वेड का लागले, हे आपल्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. बी.ए., बी.एड. झाल्यावर मी चार वर्षे तासिका तत्त्वावर आणि नंतर विनाअनुदानित तुकडीवर काढली. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन शासनाने अठरा हजार रुपये केले तेही २०२३ मध्ये, आणि ते पद मिळवण्यासाठी अभियोग्यता चाचणी व पवित्र पोर्टल यांची वाट पाहावी लागते. विनाअनुदानितवाल्याला ते मानधनही स्वप्नच. वडील रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला होते. गुडघे गेल्यावर घरी बसले. अशा घरात इंग्रजी येणारा एकच मुलगा असेल, तर त्या इंग्रजीकडून घराच्या अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. शिवाय आपल्या समाजाचे इंग्रजीशी नाते निव्वळ पगाराचे कधीच नव्हते. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे, हे आम्हांला वसतिगृहातच सांगितले गेले होते. ज्या भाषेने आपल्याला वर काढले ती दुसऱ्या देशातील मुलांना शिकवावी, यात मला एक वेगळाच मान वाटत होता.

पहिली मुलाखत आखाती देशातील एका भारतीय शाळेसाठी मुंबईच्या हॉटेलात झाली. सीबीएसई शाळेतील अनुभव हवा होता, माझा अनुभव राज्य मंडळाचा. सात मिनिटांत बाहेर आलो. तिच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. अट स्पष्ट होती आणि ती माझ्यापाशी नव्हती.

दुसरी मुलाखत थायलंडमधील एका खाजगी शाळेची होती. बौद्ध देश, म्हणून घरात या मुलाखतीचा आनंद विशेष होता. ती दूरदृश्य पद्धतीने होणार होती आणि आमच्या घरी नेट टिकत नाही. म्हणून पेणमधील एका मित्राच्या गणपतीच्या कारखान्यात बसलो. तिथे ब्रॉडबँड होते. मागे न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा. मित्राने त्यांवर चादर टांगून पडदा केला आणि कारागिरांना अर्धा तास हातोडी बंद ठेवायला सांगितली. समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, गाव कोणते? मी म्हटले, पेण. त्यांनी अर्जावरील स्पेलिंग पाहिले आणि हसून विचारले, म्हणजे लिहायचे पेन का?

प्रश्न थट्टेचा नव्हता. पण त्यात एक गंमत होती, ती त्यांना कळण्याजोगी नव्हती. आमच्या भागातील बोलीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. पाणी नव्हे, पानी. शाळा नव्हे, शाला. आणि पेण नव्हे, पेनच. पाचवीत वसतिगृहात आलो तेव्हा आमच्या सरांनी जीभ टाळूला लावून ‘ण’ काढायला शिकवले होते. महिनाभर आम्ही खोलीत अंथरुणावर पडून ‘बाण, कण, मण, गोळा, काळा’ म्हणत होतो. म्हणजे ज्या उच्चारामुळे मी ‘शुद्ध’ ठरलो, तोच उच्चार इंग्रजीत गावाचे नाव सांगताना निरुपयोगी होता, आणि आजीचा ‘अशुद्ध’ उच्चार तिथे अगदी अचूक ठरला असता. प्रमाण मराठी ही माझी पहिली परकी भाषा होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. उच्चारावरून माणूस तोलण्याचा तराजू विमानतळाच्या पलीकडेच असतो असे नाही. तो रोह्याच्या बाजारातही असतो, आपल्या वर्गातही असतो.

मुलाखत चांगली झाली. चार दिवसांनी दोन ओळींचे पत्र आले: पालकांची पसंती मातृभाषा इंग्रजी असलेल्या शिक्षकांना असल्याने आपली निवड करता येत नाही. तिसऱ्या वेळी पूर्व आशियातील शाळांसाठी भरती करणाऱ्या एका संस्थेने तर मुलाखत अर्ध्यावर थांबवली. भारतीय पारपत्र आहे, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आले. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ते लिहिलेले होते.

त्या रात्री मी एक वही घेतली आणि पान मधोमध दुमडून दोन रकाने केले. डावीकडे लिहायचे ते, जे मागण्याचा त्यांना अधिकार आहे आणि जे मी मिळवू शकतो. उजवीकडे ते, जे माझ्या हातात नाही. हे काम वाटते तेवढे सोपे नाही. दुःखात माणूस सगळेच एका रकान्यात टाकतो. एक तर ‘माझ्यातच काही नाही’ असे म्हणून डावा रकाना भरतो, नाहीतर ‘सगळे जगच पक्षपाती’ म्हणून उजवा. दुसऱ्यात आराम अधिक असतो, म्हणून तो अधिक धोक्याचा.

उजव्या रकान्यासाठी मी नियम वाचायला बसलो, आणि जे वाचले ते आधीच कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषणाच्या शिक्षकाचा जो नेहमीचा व्हिसा आहे, तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार २०१० पासून लागू आहे. त्यात इंग्रजीची पदवी व अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांत सहाय्यक शिक्षक होण्यासाठी एक वाट ठेवलेली आहे. वाट अरुंद आहे, पण आहे. चीनचा नियमही भाषाशिक्षकाकडून ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचे नागरिकत्व मागण्याच्या वळणाचा आहे. म्हणजे मी परीक्षेत नापास झालो नव्हतो. मला परीक्षेलाच बसू दिले नव्हते. या दोन गोष्टींतला फरक मनाला नीट कळला, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

याच विषयावर जगात पुष्कळ विचार झाला आहे, हेही तेव्हाच वाचले. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या विस्ताराची तीन वर्तुळे मांडली. आतले वर्तुळ इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांचे, बाहेरचे भारतासारख्या देशांचे, जिथे इंग्रजी कारभारात आणि शिक्षणात रुजली आहे, आणि तिसरे, विस्तारत जाणारे, थायलंड-चीनसारख्या देशांचे. आतल्या वर्तुळाला भाषेची मालकी नाही, हे त्यांच्या विचाराचे सार. इंग्रजी शिक्षकांची ‘टेसोल’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनेही २००६ मध्ये मातृभाषेच्या आधारे शिक्षकांत भेदभाव करण्याविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली. ठराव झाला म्हणून जाहिराती बदलल्या असे नाही. कायदा झाला म्हणून पाणवठे एका दिवसात खुले झाले नव्हते, हे महाडच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

डावा रकाना मात्र रिकामा ठेवता येत नव्हता. थायलंडच्या मुलाखतीत दहा मिनिटांचा नमुना पाठ मागितला होता. आपल्याकडे इंग्रजी शिकवताना मराठीचा आधार हाताशी असतो. शब्द अडला की अर्थ सांगून पुढे जाता येते. तिथे मुलाला मराठी येत नाही आणि मला थाई येत नाही. चित्र, हातवारे, वस्तू, पुन्हा पुन्हा म्हणून घेणे, यावरच सारा पाठ उभा करायचा. हे कौशल्य आहे, जन्माने मिळणारी देणगी नव्हे. मी ते आमच्या शाळेतील पाचवीच्या वर्गावर शिकलो. आठवड्यात एक तास एकही मराठी शब्द न वापरता घ्यायचा, असे ठरवले. कातकरी वाडीवरून येणारी मुले या तासाला सर्वांत पुढे असतात, असा माझा अनुभव आहे. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, याची त्यांना आधीपासूनच सवय असते.

आयईएल्टीएस ही परीक्षाही त्याच रकान्यात आली. नऊपैकी आठ गुण मिळाले. शुल्क पंधरा हजारांच्या वर होते आणि ते आईने महिला बचत गटातून उचलले होते. नकारानंतर खरे ओझे होते ते या रकमेचे. पारपत्राच्या नियमाला शिव्या देता येतात, बचत गटाच्या हप्त्याला देता येत नाहीत.

आणि लोकांचे विचारणे. दिवा-रोहा गाडीत भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस पेणपासून नागोठण्यापर्यंत एकच प्रश्न विचारी: काय झाले तुझ्या थायलंडचे? विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. तरी तिसऱ्या खेपेला मी डबा बदलू लागलो. संयुत्तनिकायातील सल्लसुत्त वसतिगृहात रविवारच्या वंदनेनंतर भंतेजींनी समजावून सांगितले होते. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराला दुखवतो. आणि मग तो स्वतःच शोक करून दुसरा बाण लावून घेतो, तो मनाला दुखवतो. शिकलेल्याला पहिला बाण चुकत नाही, दुसरा चुकतो. लहानपणी मला हे सोपे वाटले होते. प्रत्यक्षात दुसरा बाण आपण एकटे मारत नाही, गाडीतले वीस जण त्याला हात लावतात. मी पुढे एक उत्तर पाठ करून ठेवले: “नाही झाले. नियमात बसत नव्हतो. तुमच्या मुलाचे दहावीचे कसे चालले आहे?” विषय लगेच बदलतो; दहावीपुढे थायलंड टिकत नाही.

आई मात्र एवढेच म्हणाली, “त्यांना नको तं नको. तुजी शाला हाय ना?” तिच्या त्या ‘शाले’त माझ्या सगळ्या परीक्षांचे गुण मावत नाहीत.

नकाराचा विचार करताना मला बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग इतरांहून अधिक उपयोगी वाटला आहे, आणि तो व्याख्यानांत फारसा ऐकू येत नाही. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी लंडन विद्यापीठात डी.एस्सी.साठी १९२२ मध्ये सादर केला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. पैसे संपले होते. ते मुंबईस परतले, प्रबंध नव्याने लिहून पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली, ग्रंथही प्रसिद्ध झाला. मांडणी बदलली, पण निष्कर्ष सोडले नाहीत, असे चरित्रकार सांगतात. काय बदलायचे आणि काय नाही, हे त्यांना त्या घाईतही कळत होते. माझ्या वहीतील दोन रकाने त्याहून निराळे काही सांगत नाहीत, फक्त फार लहान अक्षरात.

उच्चाराच्या बाबतीत मी हेच केले. इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतील भेद, शब्दातील आघात कोणत्या अवयवावर, हे कष्टाने सुधारले, कारण ऐकणाऱ्या मुलाला ते कळायला हवे. पण इंग्लंडमध्ये जन्मल्याचे सोंग आणणारा आवाज काढायचा नाही, हे ठरवले. असा आवाज शिकवणारे वर्ग नव्या मुंबईत आहेत. जाऊन पाहिले, एक तास बसलो, परत आलो.

गेली दोन वर्षे महिन्यातील शेवटच्या रविवारी आम्ही काही माजी विद्यार्थी वसतिगृहात मुलाखतीचा सराव घेतो. पालकांना दोन गोष्टी आवर्जून सांगतो. परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि सेवाशुल्क म्हणून त्याला तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही. दुसरे, “आधी पर्यटक व्हिसावर चला, कागद तिथे करू” असे कोणी म्हटले तर तिथेच उठावे. थायलंडच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन अडकवले जात असल्याचा इशारा मंत्रालयाने २०२२ मध्येच दिला आहे. नकार मिळून घरी बसलेल्या मुलाला असा एजंट देवदूत वाटतो, म्हणून नकारानंतरचे दोन महिने घरच्यांनी अधिक सांभाळावे.

रोह्याची एक माजी विद्यार्थिनी पुढील महिन्यात ओमानमधील भारतीय शाळेसाठी मुलाखत देणार आहे. तिच्याकडे सीबीएसईचा अनुभव आहे, आयईएल्टीएस आहे, आणि भीतीही आहे. मागच्या रविवारी आम्ही तिला समोर बसवले आणि प्रश्न विचारण्याचे काम सातवीच्या मुलांवर सोपवले. मोठ्यांनी विचारले असते ते त्यांनी काहीच विचारले नाही. एकाने उभे राहून विचारले, “मॅडम, तिथली पोरं आमच्यासारखी दंगा करतात का, आणि केला तर तुम्ही त्यांना कोणत्या भाषेत ओरडणार?” ती हसली, क्षणभर थांबली, आणि मग इंग्रजीत सलग चार मिनिटे बोलली.