यादीबाई

डाळजच्या चावडीवर मतदार यादीचं वाचन होतं, तेव्हा वाचणारा कुणीही असो, बोलते ती यादीच. नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. तिच्या चौकशा साधारण एवढ्यावरच संपतात. जमीन किती आणि शाळा कितवीपर्यंत, हे ती विचारत नाही.

पूर्वी विचारायची. 1937 साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा खेड्यात निदान आठ रुपये शेतसाऱ्याची जमीन कसणारा तिला चाले. सालदार, बलुतेदार, रोजंदारीवरचा मजूर बहुतेक बाहेरच. बाईला लिहिता-वाचता येत असेल किंवा नवऱ्याची मिळकत भरभक्कम असेल, तर दार किलकिलं होई. सायमन कमिशनपुढे 1928 सालीच डॉ. आंबेडकरांनी सर्व प्रौढांना मत मागितलं होतं. ज्याच्यापाशी काही नाही त्यालाच मताची जास्त गरज असते, असं मला वाटतं, आणि यादीला हे कळायला वीस-बावीस वर्षं लागली याचं वाईट वाटतं.

घटनेच्या 326व्या कलमानं ती बदलली. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत तिच्यात सतरा कोटींवर माणसं आली, मालक आणि सालगडी एकाखाली एक. तरी देशभरातल्या सुमारे अठ्ठावीस लाख बायका, मुख्यतः उत्तरेकडच्या, गळाल्या. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी चालणार नाहीत म्हणून ठामपणे सांगितलं. कठोर वाटतं, पण बाईला तिच्याच नावानं ओळखायचा हट्ट मला पटतो.

1989 साली एकवीसची अट अठरावर आली आणि कॉलेजची पोरं आत शिरली. आता तिच्यात फोटो असतात. अठरा पूर्ण झाली का, हे मोजायला वर्षात चार तारखा असतात: एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै, एक ऑक्टोबर.

एक खोड मात्र जात नाही. माणूस हलला की ती गांगरते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या पानावरच राहतं, पत्ता बदलण्याचा फॉर्म आठ भरेपर्यंत. बीडकडून इंदापूर-बारामतीच्या फडात आलेल्या ऊसतोड्यांचं नाव असतं गावी, आणि गावी जायला मुकादम सोडत नाही. 2024 साली गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झालं, विधानसभेचं मतदान 20 तारखेला. कोयता हातात असलेल्या माणसानं दोन-तीन दिवसांची मजुरी सोडून, गाडीभाडं घालून गावी मतदानाला जायचं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मत देण्यासाठी मजुरी बुडवावी लागत असेल, तर शेतसाऱ्याची अट वेगळ्या वेशात परत आलीच की! फडाजवळच्या केंद्रावर या लोकांना मत देता आलं पाहिजे, आणि ती सोय यादीनं नव्हे, आपण मागायची आहे.