चौथा टेक, डब नाही

आमच्या बँडची चार गाणी सहा वर्षं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पडून होती. डिस्क माझी, गाणी चौघांची. हा फरक माझ्या लक्षात यायला खूप वेळ लागला.

सेकंड इयरला बँड सुरू झाला. मी बेस वाजवायचो, कारण गिटारवाला आधीच मिळाला होता. ड्रमर आमच्याच हॉस्टेलचा. मेसच्या टेबलावर चमचे बडवायचा म्हणून घेतला. गायक सांगलीचा, मेकॅनिकलचा. सूर बेताचा, पण लिहायचा मराठीत आणि ओरडायचा मनापासून. कर्वेनगरमध्ये एका बंगल्याच्या तळघरात जॅमरूम होती. तासाला तीनशे रुपये, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. कॉलेजच्या फेस्टमध्ये सगळ्यांना ऐकून पाठ झालेली हिंदी-इंग्रजी गाणी हवी असायची. आमची गाणी दोन-दोन मिनिटांची, तीन कॉर्डची. लोकांना वाटायचं, हे अजून साउंडचेकच करतायत.

थर्ड इयरला गायकाची वायडी लागली. ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी: विषय इतके राहिले की पुढच्या वर्षात जाता येत नाही, वर्ष वाया. आम्ही तिघं फायनल इयरला गेलो आणि तो सांगलीला. त्या वर्षी त्याने ‘वायडी’ हे गाणं लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्याला आला, चौघांनी अडीच-अडीच हजार काढले आणि एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली. त्याने ते पैसे घरी परीक्षा फी म्हणून मागितले होते, हे नंतर कळलं. मिक्सिंग कोण करणार यावर चर्चाच झाली नाही. “तू कॉम्प्युटरचा ना, तू कर.”

केलं. म्हणजे करतच राहिलो.

हिंजवडीत नोकरी लागली. रात्री खोलीवर येऊन हेडफोन लावायचे आणि ड्रमचा एकेक ठोका माऊसने पकडून ग्रिडवर आणायचा. आधी दहा-वीस मिलिसेकंदांची चूक दिसायची, मग पाचची दिसायला लागली. एकदा स्क्रीनवर बघायची सवय लागली की कान गप्प बसतात. ‘वायडी’च्या शेवटच्या ओळीला गायकाचा आवाज फाटला होता. मी त्याला पुन्हा गायला बोलावलं. तो म्हणाला, “तो तसाच आहे, ठेव की तसाच.” मी हो म्हणालो, आणि न सांगता सॉफ्टवेअरने तो सूर सरळ केला.

एकदा तो पुण्यात आला तेव्हा स्वारगेटला एसटीच्या प्रतीक्षेत त्याला इअरफोन दिले. त्याने गाणं पूर्ण ऐकलं. इअरफोन काढून, नीट गुंडाळून माझ्या हातात दिले आणि विचारलं, “हा कोण गातोय?” मी सांगायला लागलो की पिच थोडा खाली जात होता, फक्त तेवढंच… त्याची गाडी लागली होती. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं वाढदिवसाच्या मेसेजपुरतं.

आता जरा मँचेस्टरला जाऊ. मी प्रत्यक्ष कधी गेलेलो नाही. पण एका रात्री कंपनीच्या रिलीजसाठी जागा होतो, सर्व्हरवर काहीतरी अडकलं होतं, आणि वाट बघता बघता बझकॉक्स या बँडची पहिली रेकॉर्ड ऐकली. ‘स्पायरल स्क्रॅच’. चार गाणी, मिळून दहा मिनिटांच्या आसपास.

बँड १९७६ मध्ये जमला. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली ही बोल्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधली दोन मुलं. सेक्स पिस्टल्सबद्दल एका संगीत साप्ताहिकात वाचून ते त्यांना ऐकायला थेट लंडनकडे गेले, आणि परत येऊन त्यांनी पिस्टल्सचाच कार्यक्रम ४ जूनला मँचेस्टरमध्ये लावला. गंमत म्हणजे त्या दिवशी स्वतःचा बँड काही तयार झाला नव्हता. ते पिस्टल्ससोबत वाजले जुलैत, दुसऱ्या कार्यक्रमाला. तोवर स्टीव्ह डिगल आणि सोळा वर्षांचा ड्रमर जॉन माहेर येऊन मिळाले होते.

रेकॉर्ड काढायची म्हणजे लंडनच्या कंपनीने बोलवायला हवं, असा तो काळ. यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उभे केले. २८ डिसेंबर १९७६ ला मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत गेले. रेकॉर्डिंगला तीनेक तास, मिक्सिंगला आणखी दोन. निर्माता होता मार्टिन हॅनेट, ज्याने पुढे जॉय डिव्हिजनचा तो थंडगार, पोकळ आवाज घडवला. पण तेव्हा तोही शिकतच होता. त्यांनी न्यू हॉर्मोन्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं. मॅनेजर रिचर्ड बून याने काढलेला पोलरॉईड फोटो कव्हरवर. जानेवारी १९७७च्या अखेरीस एक हजार प्रती आल्या. त्या तर संपल्याच, पुढे पुन्हा छापून आकडा सोळा हजारांपर्यंत गेला, तोही बराचसा पोस्टाने आणि ओळखीच्या दुकानांतून. ब्रिटनमधल्या कितीतरी पोरांना त्यातून कळलं की रेकॉर्ड छापणं ही छापखान्यात पत्रिका छापण्यासारखी गोष्ट आहे: पैसे द्या, माल घ्या.

हे सगळं मी त्या रात्री वाचलं, पण अडकलो कव्हरच्या मागच्या बाजूवर. तिथे प्रत्येक गाण्यापुढे टेकचा नंबर आहे. ‘ब्रेकडाउन’: तिसरा टेक, डब नाही. बाकी तिन्ही: पहिला टेक, वर एक गिटार डब. बस. कौतुक नाही, माफीही नाही. आम्ही कोड बदलतो तेव्हा काय बदललं ते सोबत लिहून ठेवतो, तसं. कोणत्या प्रयत्नात काय घडलं ते ऐकणाऱ्याला सांगून टाकलं.

‘बोरडम’ नावाच्या गाण्यात शेलीचा गिटार सोलो आहे. दोनच सूर. तेच दोन, पुन्हा पुन्हा, अगदी सायरनसारखे. पहिल्यांदा हसू आलं. मग माझ्या फोल्डरमधल्या मिक्सची संख्या आठवली: एकेचाळीस. आमच्या गिटारवाल्याने सोलोत एक सूर चुकवला म्हणून मी त्याला आठवडाभर टोमणे मारले होते.

आणखी एक गोष्ट मला सोडेना. रेकॉर्ड बाहेर आल्यावर काही दिवसांतच डिव्होटो बँड सोडून गेला. म्हणजे तो गात होता तो बझकॉक्स तेवढ्यापुरताच होता. पुढे शेली गायला लागला आणि बँड खरा मोठा झाला तो त्याच्या आवाजात. १९७९ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ पुन्हा काढली तेव्हा कव्हरवर ‘हॉवर्ड डिव्होटोसह’ असं छापावं लागलं. ते मिक्सिंग करत वर्षभर बसले असते तर सह कोणी उरलंच नसतं. आमच्याकडेही ड्रमर जर्मनीला गेला, गिटारवाल्याने लग्नानंतर गिटार विकली, आणि मी जे सुधारत होतो तो बँड एव्हाना फक्त माझ्या लॅपटॉपवर होता.

(जाता जाता: तो सोळा वर्षांचा ड्रमर पुढे फोक्सवॅगनची इंजिनं बांधण्यात उस्ताद झाला आणि स्कॉटलंडच्या एका बेटावर राहून ओस पडलेल्या घरांचे फोटो काढतो. काय आयुष्य आहे!)

सर्व्हर पहाटे चारला सुरू झाला. मी झोपलो नाही. हार्ड डिस्क लावली, मिक्स सगळे बाजूला ठेवले आणि त्या दिवसाचे मूळ ट्रॅक उघडले. ‘वायडी’चे पाच टेक होते. चौथा लावला. ड्रम शेवटाकडे पळतात, माझा बेस मागे राहतो, आणि शेवटच्या ओळीला तो आवाज फाटतो. पुढच्या वर्षात गेलेल्या तिघांसमोर उभं राहून तो ती ओळ गात होता. त्या खोलीत मी होतो, हेडफोन घालून. तेव्हा मी मीटरकडे बघत होतो.

सकाळी त्याला फाइल पाठवली. खाली लिहिलं, ‘चौथा टेक, डब नाही. मी काहीच केलेलं नाही. टाकू का?’ आधीच्या गोष्टीची माफी मागायची होती. तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा तशीच पाठवली.

दोन दिवस निळ्या टिका नुसत्या दिसत राहिल्या. मग व्हॉइस नोट आली. तो आता वडिलांचं पंप दुरुस्तीचं दुकान बघतो. मागे मोटरची घरघर.

“ऐकलं. बेकार वाजवलंय लेका आपण.” मग बराच वेळ नुसती मोटर. “टाक की. पण त्या शेवटच्या ओळीला हात लावलास तर बघ.”

चारही गाणी गेल्या महिन्यात बाहेर आली. टाकायला लागले दोन तास, त्यातला एक कव्हरचा फोटो तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल करण्यात गेला. स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळा वाजल्याशिवाय गाण्याला पैसे मिळत नाहीत. आमचं ‘वायडी’ आजपर्यंत दोनशे बारा वेळा वाजलंय, त्यातले बरेच ड्रमरच्या आईचे. माहितीच्या जागेत प्रत्येक गाण्यापुढे टेकचा नंबर आहे. दोन ठिकाणी गिटारचा डब आहे, तोही लिहिलाय.

‘वायडी’ संपल्यावर झांज विरते तिथे दारावर थाप पडते आणि जॅमरूमच्या मालकाचा आवाज येतो: “पोरांनो, पाच मिनिटं राहिली.” माझ्या एकेचाळीस मिक्समध्ये ते कापलेलं होतं. या वेळी विचारलं, ठेवायचं का?

“ठेव,” तो म्हणाला. “त्या पाच मिनिटांचे पैसे दिलेत आपण.”